भारत बेट होता तेव्हा इथे कोण राहायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात मी एक वाक्य लिहिलं होतं, की डायनासोरच्या शेवटच्या काळात भारत हे समुद्राने चारी बाजूंनी वेढलेलं मोठं बेट होतं आणि त्यावर इथले स्वतःचे डायनासोर फिरत होते. त्या एका वाक्यावर ठाण्यातून आणि नवी मुंबईतून एवढे मेसेज आले की यावेळी दुसरा विषय घेतलाच नाही. प्रश्न सगळे चांगले आहेत, काही तर खूपच. जमतील तेवढे घेतलेत.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, त्याला टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स सगळे वजनासकट पाठ. परवा जेवताना त्याने विचारलं की आई आपल्याकडे कुठला होता, आणि मला एक नाव सांगता आलं नाही. आणि भारत बेट होता म्हणजे कसा, अंदमानसारखा का? (एक आई, ऐरोली)

उत्तर : ताई, अंदमानपेक्षा कितीतरी मोठा, जवळजवळ ऑस्ट्रेलियासारखं प्रकरण समजा. सुरुवातीला आपण गोंडवन नावाच्या एका प्रचंड भूखंडाचा भाग होतो, त्यात आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर आणि आपण, सगळे एकत्र. मग तो भूखंड फुटत गेला. आधी भारत आणि मादागास्करची जोडी आफ्रिकेपासून सुटली, पुढे अंटार्क्टिकापासून सुटली आणि साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिलं. तिथून पुढे आपण एकटे उत्तरेकडे निघालो, आणि जोरात निघालो, काही काळ तर वर्षाला १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने. जमिनीच्या हिशोबात हा वेग फार म्हणजे फारच आहे. आशियाला जाऊन धडकलो ते साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, त्या धडकेतून हिमालय वर आला. म्हणजे मधली जवळजवळ पावणेचार कोटी वर्षं भारताच्या चारी बाजूंना पाणी होतं, आणि डायनासोर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी, त्यामुळे इथले शेवटचे डायनासोर हे बेटावरचेच डायनासोर.

आता नाव. मुलाला सांगा राजासॉरस नर्मदेन्सिस. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली गाव आहे, तिथे १९८२ ते १९८४ च्या दरम्यान भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआयच्या सुरेश श्रीवास्तव यांनी हाडं गोळा केली, ती बरीच वर्षं नुसती ठेवलेली होती. पुढे भारतीय आणि अमेरिकन लोकांनी मिळून त्यांचा अभ्यास केला आणि २००३ मध्ये नाव जाहीर झालं. अशोक साहनी, जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो ही त्यातली मोठी नावं. मांसाहारी प्राणी, लांबी ७ मीटरच्या पुढेमागे, डोकं आखूड आणि रुंद, आणि कपाळावर एक बुटकं शिंग. टी-रेक्सचे हात छोटे म्हणतात ना, राजासॉरसच्या घराण्यात ते त्याहून छोटे होते, म्हणजे जवळजवळ निरुपयोगी. शिकारीचं सगळं काम जबडा आणि मान यांच्यावर.

आणि एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. आशिया खंडात डायनासोरची हाडं पहिल्यांदा मिळाली ती चीनमध्ये नाही, मंगोलियात पण नाही, ती आपल्या जबलपूरला. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमनला बारा शिमला टेकडीवर मिळाली, हो तोच ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन. तेव्हा तर डायनासोर हा शब्दही जन्माला आलेला नव्हता, तो आला १८४२ मध्ये. त्या हाडांना रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं, नंतर ती हाडं हरवली, कित्येक वर्षं कुणालाच माहीत नव्हतं कुठे गेली, आणि २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातला शेपटीचा मणका कोलकात्याला जीएसआयच्याच संग्रहात सापडला. हे वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. पारसिकच्या डोंगरावर सकाळी फिरायला जातो. तिथे एका ठिकाणी डोंगर कापलाय, त्यात गोल गोल दगड बसलेत, काहींवर टरफलासारखे पापुद्रे. आमच्या ग्रुपमधले एक जण ठामपणे म्हणतात ही डायनासोरची अंडी. फोटो पाठवतोय. आपल्या ठाण्यात डायनासोर सापडू शकतो का? (कळवा)

उत्तर : सर, फोटो नीट बघितले, मोठे करून बघितले. ही अंडी नाहीत. हा आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. त्याला भेगा असतात, भेगांतून पाणी शिरतं, आणि जिथे दोन-तीन भेगा मिळतात तो कोपरा सगळ्यात आधी कुजतो, मग चौकोनी ठोकळ्याचे कोपरे झिजत झिजत आत गोळा उरतो आणि बाहेरून कांद्यासारखे थर सुटत राहतात. मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत जिथे जिथे डोंगर कापलाय तिथे हे दिसतं, घोडबंदरच्या बाजूलाही दिसतं. तुमच्या फोटोत एक गोळा अर्धा फुटलेला आहे तो बघा, पापुद्र्याच्या आत पुन्हा पापुद्रा आहे आणि मधोमध तोच काळा दगड. अंड्यात असं नसतं. अंड्याला एकच कवच असतं, साधारण एक ते तीन मिलिमीटर जाड, आणि भिंगाखाली धरलं तर बाहेरच्या बाजूला बारीक बारीक पुटकुळ्या दिसतात आणि त्यांच्या मधून हवा जायची सूक्ष्म छिद्रं, कारण आतल्या पिल्लाला श्वास घ्यायचा असतो. आत दगड झालेला गाळ भरलेला असतो. आणि आकार सगळ्यांचा जवळपास सारखा, आपल्याकडच्या टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेच्या जातीच्या अंड्यांचा व्यास बहुतेक १५ ते १७ सेंटिमीटर. तुमच्या कातळात एक गोळा मुठीएवढा, शेजारचा माणसाच्या कंबरेएवढा, तिथेच उत्तर मिळतं.

पण तुमच्या मित्रांना एवढं सांगा की असा गोंधळ उलट बाजूनेही होतो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या गावात लोक गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करत आले, शेतात आणि गुरांच्या राखणीसाठी, आणि ते दगड खरंच डायनासोरची अंडी निघाले. ही बातमी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सगळीकडे आली होती. त्याच वर्षी त्याच धार भागातल्या कामाचा शोधनिबंध आला, त्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत. एवढी घरटी एकमेकांच्या जवळ म्हणजे माद्या तिथे मोठ्या संख्येने येऊन अंडी घालत असणार.

आता ठाण्यात डायनासोर का नाही सापडत. हाड टिकायला गाळ लागतो, नदीचा, तळ्याचा, वाळूचा, ज्यात ते पटकन गाडलं जाईल. आपल्या पायाखाली आहे लाव्हा. थरावर थर, सह्याद्रीत काही ठिकाणी याची जाडी २ किलोमीटरच्या आसपास भरते. ज्या गाळात हाडं मिळतात तो लमेटा नावाचा थर या लाव्हाच्या खाली असतो, नर्मदेच्या खोऱ्यात आणि चंद्रपूरकडे जिथे लाव्हा पातळ आहे किंवा झिजून गेलाय तिथे तो उघडा पडतो, आपल्याकडे तो असला तरी इतका खोल की विचारू नका. शिवाय मुंबईचे काही थर तर डायनासोर गेल्यानंतरचे आहेत.

तरी अगदीच निराश होऊ नका. दोन लाव्हांच्या मधल्या काळात कुठे कुठे तळी साचली, त्यात गाळ बसला, आणि त्यात जीव अडकले. वरळीच्या टेकडीत असा थर होता आणि त्यात बेडकांचे सांगाडे मिळाले, छोटे छोटे, आणि गोड्या पाण्यातल्या कासवाचे अवशेषही मिळाले. त्या बेडकाचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केलं, म्हणजे ज्यांनी डायनासोर हा शब्द दिला त्यांनीच. आज त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. वरळीला ऑफिसला जाणारे किती तरी ठाणेकर आहेत, त्यांना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. बेटावर मोठे प्राणी लहान होत जातात असं शिकलो, बुटके हत्ती वगैरे. मग भारत बेट होतं तर आपले डायनासोर बुटके का नाहीत? (खारघर)

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. नियम तू बरोबर शिकलायस आणि तो डायनासोरनाही लागू पडतो, त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे रोमानियातलं हात्सेग. आज तो डोंगरांच्या मधला प्रदेश आहे, पण ७ कोटी वर्षांपूर्वी युरोप म्हणजे टेथिस समुद्रातली विखुरलेली बेटं होती आणि हात्सेग त्यातलं एक. अंदाज असा की त्याचं क्षेत्रफळ ८० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असावं, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाव.

१८९५ मध्ये तिथल्या एका जमीनदार घराण्यातल्या इलोना नोप्चा या मुलीला त्यांच्या जमिनीवर हाडं मिळाली. तिने ती भावाला दाखवली. भाऊ फ्रान्झ नोप्चा, तेव्हा विद्यार्थी होता, तो त्या हाडांच्या असा मागे लागला की पुढे आयुष्यभर त्याने तेच केलं. त्याच्या लक्षात आलं की इथले डायनासोर त्यांच्या इतर ठिकाणच्या नातेवाइकांपेक्षा सरसकट लहान आहेत. लांब मानेचा मॅग्यारोसॉरस, ज्याचे भाऊबंद १५-२० मीटरचे, तो इथे जेमतेम ६ मीटर. नोप्चाने सांगितलं की बेटावर अन्न कमी, जागा कमी, त्यामुळे पिढ्यानपिढ्या अंगकाठी लहान होत गेली. लोकांनी शंका घेतली की अरे ही पिल्लांची हाडं असतील. त्याचं पक्कं उत्तर यायला २०१० उजाडलं. हाडाचा अगदी पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, हाडाची आतून कितीदा मोडतोड होऊन नवीन बांधणी झाली ते त्यात दिसतं, आणि कळलं की हे पूर्ण वाढ झालेले म्हातारे प्राणी आहेत. नोप्चा बरोबर होता. जर्मनीतला युरोपासॉरस पण असाच, तो त्याहून खूप जुना, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि लांबी पुन्हा ६ मीटरच्या घरात.

हात्सेगची अजून एक गंमत अशी की तिथे मोठा मांसाहारी डायनासोर मिळालेलाच नाही. त्याची जागा एका उडणाऱ्या सरीसृपाने घेतली होती, हात्सेगोप्टेरिक्स, पंखांचा पसारा १० मीटरच्या वर, जाड मान आणि भलं मोठं डोकं, जमिनीवर चालत चालत तो बुटक्या डायनासोरांना उचलत असावा. नवी मुंबईच्या खाडीत फ्लेमिंगो बघतो आपण, तर त्या चिखलात जिराफाएवढा उंच उडणारा प्राणी भक्ष्य शोधत चाललाय असं चित्र डोळ्यांपुढे आण.

आता भारत. नियम बेट या गोष्टीला नाही, जागेला आणि अन्नाला आहे. भारताची आजचीच जमीन जवळपास ३३ लाख चौरस किलोमीटर, आणि तेव्हा उत्तरेला अजून बराच भाग होता जो पुढे आशियाखाली दाबला गेला. हात्सेगच्या चाळीसपट तरी धर. एवढ्या जागेत मोठ्या प्राण्याला लहान व्हायची गरज पडत नाही. आपला चंद्रपूरचा आयसिसॉरस घे, लांबी १८ मीटरपर्यंत सांगतात. पण दूर एकटं राहिल्याचा परिणाम काहीच झाला नाही असंही नाही, तो अंगकाठीवर न होता बांधणीवर झालेला दिसतो. आयसिसॉरसची मान त्याच्या जातीच्या मानाने जाड आणि बरीच आखूड, पुढचे पाय लांब, त्यामुळे पुढून उंच आणि मागे उतरता असा काहीसा वेगळाच प्राणी. हे विधान मी थोडं जपून करतोय कारण त्याचं डोकं आणि मागचे पाय मिळालेले नाहीत, पण मान आणि पुढचे पाय आहेत आणि ते वेगळे आहेत.

प्रश्न : एकीकडे म्हणता भारत एकटा पडला होता, दुसरीकडे वाचलं की आपल्या राजासॉरससारखेच प्राणी मादागास्कर आणि अर्जेंटिनात मिळाले. समुद्र पोहून गेले का? (वाशी)

उत्तर : पोहून नाही. घराणं फुटण्याआधीचं आहे. गोंडवन एकत्र होतं तेव्हा या आखूड तोंडाच्या शिकाऱ्यांचे पूर्वज सगळीकडे पसरले होते, जमीन फुटली आणि प्रत्येक तुकडा आपापले घेऊन निघाला. मादागास्करचा मॅजुंगासॉरस आपल्या राजासॉरसचा जवळचा, कपाळावर त्याच्याही उंचवटा. त्याच्याबद्दल एक भयंकर गोष्ट माहीत आहे, त्याच्या हाडांवर त्याच्याच जातीच्या दातांच्या खुणा मिळाल्या, दातांमधलं अंतर आणि कडेचे बारीक करवती खाचे मोजून ते ठरवलं, २००३ मध्ये. म्हणजे ते एकमेकांना खायचे, निदान मेलेल्याला तरी. अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस पण याच घराण्यातला, त्याला दोन शिंगं.

तरी तुमच्या शंकेत दम आहे हे मान्य करायला हवं. इतकी वर्षं एकटं राहिल्यावर भारतातले प्राणी खूपच निराळे व्हायला हवे होते आणि ते तितके झालेले दिसत नाहीत, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद चालू आहे. शिवाय त्या काळातल्या थरांत काही बेडूक आणि छोटे सस्तन प्राणी असे मिळतात ज्यांचे नातेवाईक उत्तरेकडे, युरोप-आशियाच्या बाजूला आहेत. मधे बेटांची माळ असेल, वाहत आलेल्या झाडांवर बसून छोटे जीव आले असतील, असं समजतात. बेडूक लाकडावर बसून येईल, १८ मीटरचा प्राणी येणार नाही, त्यामुळे मोठ्यांची आणि छोट्यांची गोष्ट वेगवेगळी असू शकते.

प्रश्न : मी चंद्रपूरची, लग्नानंतर ठाण्यात आले त्याला आता तीस वर्षं झाली. वरोऱ्याकडे डायनासोर मिळाला होता असं माहेरी ऐकलेलं. खरं आहे का? (एक आजी, नौपाडा)

उत्तर : आजी, शंभर टक्के खरं आहे, आणि जे मिळालंय ते जगात गाजलंय. वर मी आयसिसॉरस म्हटलं तो तुमच्याच वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगावच्या टेकडीत मिळाला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १९८० च्या दशकात तो खणून काढला, सोहन जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापलं. भारतातल्या त्या काळच्या लांब मानेच्या डायनासोरमध्ये इतका पूर्ण सांगाडा दुसरा नाही.

पण मला तुम्हाला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे ती पिसदुऱ्याची. पिसदुरा गाव माहीत असेल तुम्हाला. तिथल्या शेतांत पाऊस पडून गेला की लालसर तपकिरी गोळे वर येतात, कुठे मुठीएवढे, कुठे मोठे, हातात घेतले तर जड दगड, वास नाही काही नाही, काहींवर मात्र पीळ आणि चिरा अजून दिसतात. ती डायनासोरची विष्ठा आहे, दगड झालेली. आता यात काय बघायचं असं कुणालाही वाटेल. तर लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी ती फोडून, आम्लात विरघळवून, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. गवत जमिनीतून सिलिका म्हणजे वाळूचं द्रव्य शोषतं आणि आपल्या पेशींमध्ये त्याचे बारीक काचेसारखे कण बनवून ठेवतं, म्हणून तर गवताच्या पात्याने बोट कापतं. हे कण पचत नाहीत, कुजत नाहीत, आणि गवताच्या प्रत्येक गटाचा कण वेगळ्या आकाराचा. पिसदुऱ्याच्या त्या गोळ्यांमध्ये हे कण निघाले. एक नाही, गवताचे निदान पाच प्रकार, त्यात भाताच्या आणि बांबूच्या जवळचेही.

हे २००५ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आलं आणि जगभरची पुस्तकं बदलावी लागली. कारण तोपर्यंत सगळे धरून चालले होते की गवत डायनासोर गेल्यानंतर पसरलं, चित्रांमध्ये डायनासोरच्या पायाखाली गवत काढलं की चूक समजायचे. आणि इथे गवत खाल्ल्याचा पुरावा थेट पोटातून बाहेर पडलेला. अर्थात ते फक्त गवतच खात नव्हते, ताडाच्या जातीची झाडं, सूचिपर्णी झाडं, जे मिळेल ते खात होते. २०११ मध्ये त्याच ठिकाणच्या नमुन्यांवरून भाताच्या कुळाचा उगम इतका जुना असावा असंही मांडलं गेलं. आजी, तुमच्या माहेरच्या मातीने जगाला हे दाखवून दिलंय, नातवंडांना सांगा.

प्रश्न : डायनासोरच्या पिल्लांना साप खायचे का? मी चौथीत आहे. (घोडबंदर रोड)

उत्तर : हो बाळा, आणि त्याचा पुरावा आपल्याच देशात मिळालाय, गुजरातमध्ये धोली डुंगरी नावाच्या जागी. एका दगडात लांब मानेच्या डायनासोरचं घरटं आहे. त्यात तीन अंडी, एक फुटलेलं. फुटलेल्या अंड्याभोवती साडेतीन मीटर लांब साप वेटोळं घालून बसलाय, आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू, साधारण अर्धा मीटर लांब. तेवढ्यात वरून ओल्या चिखलाचा आणि वाळूचा लोंढा आला आणि सगळे जागच्या जागी गाडले गेले, ६.७ कोटी वर्षं तसेच. सापाचं नाव सनाजे इंडिकस.

त्या सापाला अजगरासारखा मोठा जबडा उघडता येत नव्हता, म्हणून अख्खं अंडं गिळणं त्याला जमलं नसतं, तो पिल्लू बाहेर यायची वाट बघत बसायचा. हा दगड धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात शोधला, तेव्हा वाटलं सगळी हाडं पिल्लांचीच आहेत, आणि कितीतरी वर्षांनी जेफ्री विल्सन यांनी तो दगड बघितला तेव्हा त्यांना त्यात सापाचे मणके ओळखू आले. २०१० मध्ये ते जाहीर झालं. पिल्लू मोठं झालं की मात्र कुठलाच साप त्याच्या वाटेला जात नसणार.

प्रश्न : लाव्हाने मारलं की उल्केने? एकदाचं सांगा. (कोपरखैरणे)

उत्तर : जगाचा विचार केला तर मुख्य घाव अशनीचा, मेक्सिकोजवळ चिकशुलुबला पडला तो, ६.६ कोटी वर्षांपूर्वी. आपल्या दख्खनच्या लाव्हाचे उद्रेक त्याच्या काही लाख वर्षं आधी सुरू झाले आणि नंतरही चालू राहिले, त्यातल्या वायूंनी हवामान बिघडवलं हे नक्की, आणि किती बिघडवलं यावर भांडण चालू आहे. पण कच्छमध्ये अंजारला दोन लाव्हांच्या मधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची टरफलं मिळतात. म्हणजे पहिला लाव्हा वाहून थंड झाला, त्यावर तळं साचलं, झाडोरा आला आणि डायनासोर परत येऊन तिथे अंडी घालू लागले. इतक्या संकटात ते टिकून होते, त्यामुळे नुसत्या लाव्हाने ते संपले हे मला पटत नाही.

प्रश्न : त्या बेटावरचं आज जिवंत असं काही उरलंय का? (बेलापूर)

उत्तर : उरलंय, आणि ते सह्याद्रीत आहे. केरळच्या बाजूला एक जांभळा बेडूक राहतो, नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस, फुगलेलं अंग, टोकदार नाक, वर्षभर जमिनीखाली, पावसाच्या सुरुवातीला काही दिवस वर येतो. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुय्त यांनी २००३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक भारतात कुठेच नाहीत, ते सेशेल्स बेटांवर आहेत, हिंदी महासागराच्या पार. कारण सेशेल्स आणि भारत तेव्हा एकत्र होते, मग तेही सुटले.

इतकं लांब जायचं नसेल तर खंडाळा आहे. देवगांडूळ ऐकलंय का, दिसतं गांडुळासारखं पण ते बेडकांच्या बाजूचं, पाय नसलेलं उभयचर. खंडाळ्याहून १९६० मध्ये इंडोटिफ्लस नावाचं देवगांडूळ नोंदवलं गेलं, आणि त्याच्या कुळातले नातेवाईक पुन्हा सेशेल्सवर, काही थोडे आफ्रिकेतही. पावसाळ्यात घाटात ट्रेकला जाता तेव्हा दगड उलटवून सोडून देऊ नका, त्याखाली कोण राहतं ते कुणी सांगावं, आणि उलटलाच तर पुन्हा होता तसा हळू ठेवा. शेतात आणि बागेत साप समजून मारतात याला, ते तर अजिबात नको, तो साप नाही, माणसाला त्याचा धोका नाही आणि तो कुणाच्या अंगावरही येत नाही.

प्रश्न : मुलांना घेऊन बघायला कुठे जावं? (हा प्रश्न बऱ्याच जणांचा)

उत्तर : सगळ्यात सोपं रैयोली. ठाण्याहून अहमदाबाद किंवा वडोदऱ्याची गाडी पकडा, तिथून रस्त्याने दोनेक तास. तिथे जीवाश्म उद्यान आहे आणि २०१९ मध्ये सुरू झालेलं चांगलं म्युझियम आहे. उद्यानात खडकातच अंडी दिसतात, मुलांना हात न लावता जवळून बघू द्या, कवचाची कड गोल वळलेली स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात नको, तिथलं ऊन सहन होत नाही, डिसेंबर-जानेवारी उत्तम. जबलपूरला गेलात तर भेडाघाट सगळे करतात, त्याच्या जवळच नर्मदेवर लमेटा घाट आहे, ज्याच्या नावाने तो सगळा थर ओळखला जातो तो हा घाट, तासभर तिथेही थांबा. आणि कोलकात्याला जाणं झालं तर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बारापासॉरसचा उभा सांगाडा आहे, तो आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या बाजूचा, पण तो बेट व्हायच्या खूप आधीचा, गोंडवन एकसंध होतं तेव्हाचा. आधी परवानगीचं विचारून जा.

कुठेही फिरताना हाड किंवा अंड्यासारखं काही दिसलं तर उचलू नका. बाजूला नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा आणि जीएसआयला कळवा, नागपूरला त्यांचं मोठं ऑफिस आहे. उचललेल्या दगडावरून तो कुठल्या थरातला, शेजारी काय होतं, कुठल्या दिशेला तोंड होतं यातलं काहीच कळत नाही, आणि धोली डुंगरीचा तो साप कुणी दिवाणखान्यात ठेवायला तुकडे करून नेला असता तर तो घरट्यात बसला होता हे कुणाला कधी कळलंच नसतं. आणि फोटो या सदरालाही पाठवा, मी प्रत्येक फोटो बघतो.